रक्तातल्या खुणांची साठ वर्षं

जानेवारी 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांचा एक निबंध छापून आला. एका रक्तचाचणीत आठ प्रकारचे कर्करोग ओळखता येतील, असा त्याचा मथितार्थ होता. त्या आठांतले पाच पचनसंस्थेतले: अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड आणि मोठं आतडं. बातमी जगभर झाली. पुढच्याच महिन्यात गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर मुंबईत रुग्णालयात दाखल झाले. दुखणं स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं निघालं. मुंबई, अमेरिका, दिल्ली असे उपचार झाले. जानेवारी 2019 मध्ये नाकात नळी असतानाही त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि 17 मार्चला ते गेले. वय 63.

प्रयोगशाळेतली बातमी आणि रुग्णाची खाट यांच्यातलं हे अंतर 2018 मध्ये पडलेलं नाही. ते 1965 पासून तरी आहेच. मधल्या साठ वर्षांत ते काही ठिकाणी कमीही झालं. कुठे झालं आणि का झालं, यासाठीच हा मागोवा.

आधी अडचण काय आहे ते पाहू. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याजवळ असतं. तिथली गाठ हाताला लागत नाही आणि आतड्यातल्या वायूमुळे साध्या सोनोग्राफीत पुष्कळदा दिसतही नाही. लक्षणं म्हणावीत तर अपचन, पाठीत बारीक दुखणं, भूक मंदावणं. म्हणजे पन्नाशीनंतर निम्म्या महाराष्ट्राची तक्रार. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर तीन-चार महिने सहज निघून जातात. गाठीने पित्तनलिका दाबली की कावीळ होते आणि तेव्हा कुठे स्कॅन होतो. तोवर पाचांतल्या जेमतेम एका रुग्णाची गाठ काढण्याजोगी उरलेली असते. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या मध्यावर निदानानंतर पाच वर्षं जगणारे शंभरात तीन होते, आज तेरा आहेत. पित्ताशयाच्या कर्करोगाची तऱ्हा आणखी वेगळी. पित्तखड्यांसाठी ऑपरेशन होतं, पिशवी पॅथॉलॉजीकडे जाते आणि आठवड्याने रिपोर्टमध्ये कर्करोग निघतो, असं कितीतरी वेळा घडतं. अशा रोगांची काहीतरी खूण रक्तात सापडावी असं डॉक्टरांना वाटलं, यात नवल नाही.

पहिली मोठी खूण माँट्रियलमध्ये सापडली. मॅकगिल विद्यापीठातला फिल गोल्ड हा तरुण डॉक्टर आणि त्याचे मार्गदर्शक सॅम्युएल फ्रीडमन यांनी 1965 मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एक प्रथिन शोधलं. त्यांची युक्ती सोपी आणि देखणी होती. आतड्याचा तुकडा शस्त्रक्रियेत काढताना गाठीच्या दोन्ही बाजूंचा निरोगी भागही काढावा लागतो. म्हणजे एकाच माणसाचं रोगी आणि निरोगी आतडं शेजारी शेजारी हाती येतं. दोन माणसांमधले फरक त्यामुळे आपोआप बाद होतात. उरतं ते फक्त कर्करोगाचं. हे उरलेलं प्रथिन गर्भाच्या आतड्यातही सापडत होतं. म्हणून त्याचं नाव कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन, आजच्या रिपोर्टवरचं ‘सीईए’. चार वर्षांनी त्याच गटाने ते रक्तातही मोजून दाखवलं. आतड्याच्या कर्करोगाच्या 36 रुग्णांपैकी 35 जणांत ते सापडलं.

पस्तीस! त्या काळच्या डॉक्टरांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. मग इतर प्रयोगशाळांनी मोजायला सुरुवात केली आणि रंग उतरू लागला. सिगारेट ओढणाऱ्यांत सीईए वाढलेलं. दारूने यकृत खराब झालेल्यांत वाढलेलं. आतड्याला सूज असलेल्यांत वाढलेलं. आणि जिथे त्याची खरी गरज, त्या सुरुवातीच्या लहान गाठींत ते पुष्कळदा अगदी नॉर्मल. 1980 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवून निवाडा दिला: निरोग्यांमधून रोगी हुडकायला ही चाचणी वापरू नये, ऑपरेशननंतर रोग परततोय का, ते पाहायला वापरावी. तो निवाडा आजही लागू आहे. पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक खुणेची कथा याच वळणाने गेली. आधी मोजक्या रुग्णांत थक्क करणारे आकडे, मग गर्दीत गेल्यावर घसरण, शेवटी एक मर्यादित पण खरा उपयोग.

एक खूण मात्र वेगळ्या वाटेने गेली. मॉस्कोत गारी अबेलेव्ह यांना 1963 मध्ये यकृताचा कर्करोग असलेल्या उंदरांच्या रक्तात एक गर्भावस्थेतलं प्रथिन सापडलं. पुढच्या वर्षी आस्त्राखान शहरात युरी तातारिनोव्ह यांनी तेच माणसाच्या रक्तात पाहिलं. हे अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी. हिपॅटायटिसमध्ये आणि गरोदरपणातही ते वाढतं, तेव्हा दोष त्यातही आहेतच. पण चीनमध्ये त्याला योग्य जागा मिळाली. यांगत्से नदीच्या मुखाशी असलेल्या चीदोंग भागात हिपॅटायटिस बीचं प्रमाण मोठं, धान्याच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिनही पोटात जाणारं, त्यामुळे यकृताचा कर्करोग घरोघरचा. तिथे 1970 च्या दशकापासून एएफपीने तपासणी होत होती. पुढे शांघायमध्ये हिपॅटायटिस बीची लागण किंवा जुना यकृतविकार असलेल्या 18,816 लोकांचे दोन गट पाडले गेले. एका गटाची दर सहा महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफी झाली, दुसऱ्याची नाही. 2004 मध्ये निकाल छापून आला: तपासलेल्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 37 टक्क्यांनी कमी. सांगितलेल्या सगळ्या तपासण्यांना लोक आले नव्हते, तरीही.

आता इथे थांबून विचार करावा. एएफपी काही सीईएपेक्षा थोर खूण नव्हे. फरक होता तो ज्यांची तपासणी केली त्या माणसांत. शांघायच्या डॉक्टरांनी गावातल्या प्रत्येकाचं रक्त काढलं नाही. ज्यांच्या यकृतात विषाणू वर्षानुवर्षं बसलेला होता त्यांचंच काढलं.

याच्या नेमकं उलट उदाहरण स्वादुपिंडाच्या खुणेचं. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेचे प्रमुख हिलरी कोप्रोव्स्की यांचं नाव लोकांना पोलिओमुळे ठाऊक; जिवंत विषाणूची तोंडावाटे देण्याची पोलिओलस त्यांनी 1950 मध्येच माणसाला देऊन पाहिली होती. 1975 मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच प्रकारचा अँटिबॉडी हवा तितका तयार करण्याची रीत शोधली. कोप्रोव्स्कींच्या गटाने ती लगेच उचलली आणि 1979 मध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवले. त्यातल्या एकाच्या क्रमांकावरून त्याने पकडलेल्या खुणेचं नाव पडलं सीए 19-9. शोध आतड्याच्या कर्करोगासाठी होता, पण वाढ सर्वांत जास्त दिसली ती स्वादुपिंड आणि पित्तनलिकेच्या कर्करोगात. रिपोर्टमध्ये ‘37 पर्यंत नॉर्मल’ असं छापलेलं असतं ते हेच.

सीए 19-9 हे प्रथिन नसून साखरेच्या रेणूंची एक साखळी आहे आणि ती लुईस रक्तगटाशी जोडलेली आहे. शंभरातल्या पाच ते दहा माणसांच्या शरीराला ही साखळी बनवताच येत नाही. त्यांना कितीही मोठी गाठ असली तरी रिपोर्ट नॉर्मल येतो. उलट पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झालेल्या, कर्करोगाचा लवलेश नसलेल्या माणसाचा आकडा शेकड्यांत जाऊ शकतो. कावीळ उतरली की तोही उतरतो. हे ठाऊक नसलेल्या घरांत त्या चार-आठ दिवसांत काय होत असेल, ते सांगायला नको.

आणि तरी सोलमधल्या एका मोठ्या रुग्णालयाने निरोगी माणसांत ही चाचणी वापरून पाहिली, हे बरंच झालं. कारण त्यामुळे हिशेब कायमचा कागदावर आला. तपासणीसाठी आलेल्या, काहीही त्रास नसलेल्या 70,940 लोकांचं सीए 19-9 मोजलं गेलं. 1,063 जणांचं वाढलेलं आलं. त्यांत स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण निघाले चार. चाचणी तशी वाईट नव्हती. निरोग्याला निरोगी ठरवण्यात ती 98.5 टक्के बरोबर होती. पण रोग इतका विरळ, की उरलेल्या दीड टक्क्याची चूक हजारावर माणसांना भोवली. त्यांतल्या प्रत्येकाने पुढचा स्कॅन होईपर्यंतचे दिवस कसे काढले, याचा आकडा कुठल्याच निबंधात नसतो. हा निकाल 2004 चा, शांघायचा आला त्याच वर्षीचा. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले की या क्षेत्रातलं पुष्कळसं कळतं.

पण कळलेलं वळतंच असं नाही. 2012 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडचा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा जॅक आंद्राका याने मेसोथेलिन हे प्रथिन ओळखणारी कागदी पट्टी बनवून इंटेलच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्याचं 75 हजार डॉलरचं पहिलं बक्षीस मिळवलं. जॉन्स हॉपकिन्समधल्या अनिर्बाण मैत्रा यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली होती. शाळकरी प्रकल्प म्हणून काम कौतुकाचंच. पण ‘जुन्या चाचणीपेक्षा 168 पट जलद आणि हजारो पट स्वस्त’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवरून किती वर्षं फिरलं! ती पट्टी दवाखान्यात आजवर आलेली नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पंधराव्या वर्षी त्याने जे केलं ते फार थोडे करतात. दोष द्यायचाच तर शाळेतल्या प्रकल्पाला औषधशास्त्राची पदवी देणाऱ्या आम्हा लिहिणाऱ्यांना द्यावा.

मोठ्यांचंही तेच झालं. 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातून निबंध आला: पेशींनी रक्तात सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांवरचं ग्लिपिकन-1 हे प्रथिन मोजलं की स्वादुपिंडाचा कर्करोग शंभर टक्के अचूक ओळखता येतो. इतर प्रयोगशाळांना तो आकडा मिळाला नाही. स्वीडनच्या लुंडमधल्या इम्युनोव्हिया कंपनीची अनेक प्रथिनांवरची चाचणी 2021 मध्ये अमेरिकेत बाजारात आली आणि 2023 मध्ये बंद झाली. याच सुमाराला, 2021 मध्येच, मुंबईच्या एका कंपनीच्या संशोधकांनी हजार जणांच्या अभ्यासावरून सर्व कर्करोगांसाठी एकच रक्तचाचणी जाहीर केली. सर्व कर्करोगांच्या चाचणीचा शोध आता संपला, असं त्यांच्या निबंधाचं शीर्षकच सांगत होतं. शोध अर्थातच चालू आहे. वैद्यकात ‘शंभर टक्के’ वाचलं की मी आता पहिल्यांदा किती माणसं तपासली आणि ती कुठून आणली, ते शोधतो.

दरम्यान दुसरा एक प्रवाह शांतपणे वाहत होता. 1948 मध्ये स्ट्रासबुर्गच्या मांदेल आणि मेते या दोघांनी माणसाच्या रक्तात पेशींबाहेर तरंगणारी न्यूक्लिइक आम्लं पाहिली. डीएनएची रचनासुद्धा तेव्हा उलगडलेली नव्हती. त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही. 1994 मध्ये स्वादुपिंडाच्या रुग्णांच्या रक्तातल्या डीएनएत केआरएएस जनुकातला बदल सापडला. 1997 मध्ये ऑक्सफर्डमध्ये डेनिस लो यांना आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए मिळाला आणि त्यातून गर्भातले दोष ओळखणारी रक्तचाचणी जन्माला आली. मग एक विलक्षण गोष्ट घडली. ही चाचणी केलेल्या काही गरोदर बायकांचे रिपोर्ट गोंधळाचे आले. बाळं ठणठणीत, पण डीएनए विस्कटलेला. तो विस्कटलेला डीएनए आईच्या, कोणालाच माहीत नसलेल्या कर्करोगाचा होता. 2015 मध्ये सव्वा लाख चाचण्यांमधून अशा दहा जणी समोर आल्या. जे कोणी शोधत नव्हतं ते सापडलं होतं. त्यानंतर या क्षेत्रात पैशाचा पूर आला.

2018 चा तो हॉपकिन्सचा निबंध याच पुरातला. सोळा जनुकं आणि आठ प्रथिनं एकत्र मोजायची. त्या प्रथिनांत आपले जुने सीईए आणि सीए 19-9 होतेच. 812 निरोग्यांपैकी फक्त सात जणांना चुकीचा इशारा मिळाला, हे खरोखर मोठं यश. पण 1,005 रुग्णांपैकी ज्यांचा रोग पहिल्या टप्प्यात होता, त्यांतले 43 टक्केच पकडले गेले. शिवाय हे सगळे आधीच निदान झालेले रुग्ण होते. पन्नासहून जास्त कर्करोग शोधणाऱ्या गॅलेरी या अमेरिकन चाचणीचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालेलं गणितही तसंच: चौथ्या टप्प्यातले 90 टक्के कर्करोग सापडतात, पहिल्या टप्प्यातले सुमारे 17 टक्के. कारण साधं आहे. लहान गाठ रक्तात डीएनए सोडते तोच मुळी अत्यल्प; काढलेल्या नळीभर रक्तात त्याचा एकही तुकडा आलेला नसू शकतो. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शीत आधी हाताला लागायला हवं.

या चाचण्या निकामी आहेत असं मात्र नाही. डेनिस लो हाँगकाँगला परतले आणि तिथे वीस हजार पुरुषांत एपस्टाइन-बार विषाणूचा डीएनए शोधून त्यांनी नाकामागच्या घशाचे कर्करोग लवकर पकडून दाखवले; पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात निदान होणाऱ्यांचं प्रमाण एरवीच्या 20 टक्क्यांवरून 71 वर गेलं. तो रोग त्या भागातल्या पुरुषांत खूप, त्याची खूण ठरलेली, म्हणून. मोठ्या आतड्यासाठी शील्ड या रक्तचाचणीला अमेरिकेत जुलै 2024 मध्ये मान्यता मिळाली. ती कर्करोग 83 टक्के पकडते, पण कर्करोगात बदलू शकणाऱ्या मोठ्या गाठी फक्त 13 टक्के. कोलोनोस्कोपीत त्या गाठी दिसतात आणि तिथल्या तिथे काढताही येतात. हा फरक जाहिरातीत दिसत नाही.

स्वादुपिंडाबाबत मला सर्वांत आशादायक वाटतं ते काम मात्र यंत्रांचं नाही, निरीक्षणाचं आहे. मेयो क्लिनिकमध्ये आणि नंतर एमडी अँडरसनमध्ये काम केलेले डॉ. सुरेश चारी यांनी मधुमेहाकडे लक्ष वेधलं. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघालेल्यांपैकी सुमारे एक टक्का लोकांत तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कर्करोग सापडतो. तिथे मधुमेह हा कर्करोगाचंच पहिलं लक्षण असतो. एक टक्का थोडा वाटेल. पण सोलच्या सत्तर हजारांत चार या प्रमाणापुढे तो प्रचंड आहे. वय, साखर किती झपाट्याने वाढली आणि वजन किती घटलं, या तीन गोष्टींवरून आणखी चाळणी लावता येते. 2018 मध्ये चारी यांच्या गटाने तसा गुणांकही मांडला. अशा चाळलेल्या गटात सीए 19-9 लाही पुन्हा किंमत येते. 2021 मध्ये एमडी अँडरसनच्या संशोधकांनी जपून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासले, तेव्हा निदानाच्या दोन वर्षं आधीपासून हा आकडा चढू लागलेला दिसला. म्हणजे एकदा मोजलेल्या आकड्यापेक्षा त्याच माणसाचा चढता आकडा जास्त सांगतो. लुईस गटाचं जनुक पाहून प्रत्येकाचा ‘नॉर्मल’ वेगळा ठरवण्याचंही काम हॉपकिन्समध्ये झालं आहे. चाळीस वर्षांची, बदनाम झालेली खूण. तिचा उपयोग आत्ता कुठे नीट कळतो आहे.

आपल्याकडे काय? पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येत जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक, महाराष्ट्रात त्या मानाने कमी. पण परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात बिहार, उत्तर प्रदेश, बंगालहून आलेली कुटुंबं दिसतात त्यांतली कितीतरी याच रोगाची. 2017 मध्ये टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी भारतीय रुग्णांच्या जनुकांत एबीसीबी1 आणि एबीसीबी4 या भागाचा या रोगाशी संबंध दाखवला. तो मूळ धोक्याचा पत्ता. रोज वापरता येईल अशी विश्वासार्ह रक्तातली खूण या रोगाला अजून नाही. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सने रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशी पकडण्यावर काम केलं. डिसेंबर 2024 मध्ये बंगळूरच्या स्ट्रँड लाइफ सायन्सेसने डीएनएवर आधारलेली बहुकर्करोग चाचणी बाजारात आणली. प्रश्न त्यांनाही तोच विचारायचा: यामुळे कोणाचा मृत्यू टळला, हे दोन गट करून कधी दाखवणार?

तोवर आपल्या शहरांत वेगळाच व्यवहार चालू आहे. दिवाळी, महिला दिन, वडिलांचा साठावा वाढदिवस, काहीही निमित्त काढून ‘फुल बॉडी चेकअप’ विकला जातो. त्यात थायरॉइड आणि व्हिटॅमिन डीच्या शेजारी सीईए आणि सीए 19-9 बसवलेले असतात. पॅकेज फुगलेलं दिसतं, किंमत वसूल झाल्यासारखी वाटते. आकडा नॉर्मल आला तर खोटा निर्धास्तपणा आणि 45 आला तर घरात सुतक. 1980 सालीच ज्या सीईएला नकार मिळाला, ते आज घरपोच मिळतं.

म्हणून एवढी विनंती. काही त्रास नसताना ट्यूमर मार्कर, म्हणजे या रक्तातल्या खुणांच्या चाचण्या, करून घेऊ नका. आई-वडिलांना भेट म्हणून तर नकोच. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजन वाढण्याऐवजी उतरतंय, असं असेल तर साखरेच्या गोळ्या लिहून घेण्यावर थांबू नका. स्वादुपिंडाचा सीटी स्कॅन लागेल का, असं डॉक्टरांना सरळ विचारा. पोट न दुखता कावीळ झाली तर काविळीची माळ, झाडपाला आणि पथ्य यांत आठवडे घालवू नका. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. हिपॅटायटिस बी किंवा सिरॉसिस असेल तर दर सहा महिन्यांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं असेल तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आठवणीने मागून घ्या आणि वाचून घ्या.